पेटीतली आत्या

माझ्या बहिणीचं, सुलीचं, लग्न एकाच दुपारी चार वेळा लागलं. चारही वेळा नवरदेव तोच होता, एवढीच काय ती आमच्या घराण्याची अब्रू.

दोष सगळा माझा. नव्वदीच्या दशकात साताऱ्यात ज्याच्याकडे सिंथेसायझर तो राजा, असं माझं मत होतं, आणि माझ्याकडे पुण्याहून आणलेला एक जुना सिंथेसायझर होता. एक बटण दाबलं की सनई, दुसरं दाबलं की ढोलकी, तिसरं दाबलं की वीस बायका एकदम 'आऽऽ' करायच्या. (दाढ दुखणाऱ्या वीस बायका, असं आईचं म्हणणं.) त्याच्या जोरावर मी आमच्या ऑर्केस्ट्रातला सनईवाला, ढोलकीवाला आणि दोन गाणाऱ्या पोरी घरी बसवल्या होत्या. वर चौघांनाही 'काळाबरोबर चला' म्हणून उपदेश केला होता. तेव्हा मला उपदेश फार सुचायचे.

घरात सगळे सिंथेसायझरला पेटीच म्हणायचे. या पेटीत आणखी एक करामत होती. कुणाचाही दोन-तीन सेकंदांचा आवाज तिच्यात भरायचा, मग पट्टी दाबली की पेटी त्या आवाजात बोलायची, खालच्या पट्टीत जाड, वरच्या पट्टीत बारीक.

आता आमची आत्या. राहायची वाईला, पण घरातल्या प्रत्येक लग्नात मंगलाष्टका म्हणायचा मान तिचा. नुसत्या म्हणायची नाही, स्वतः रचायची. मामा, काकी, चुलत आजोबा, झाडून सगळ्यांची नावं त्यात बसवायची. सुली तिच्या अंगाखांद्यावर वाढलेली, म्हणून तिच्यासाठी सात कडवी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहून आणली होती. पण वयानं आत्याचा आवाज वर गेला की चिरकायचा, आणि वरपक्ष पडला मिरजेचा. नवरदेवाचे चुलते तर तंबोरे बनवणारे! त्यांच्यासमोर आत्या चिरकली तर माझ्यासारख्या कलावंतानं तोंड कुठं लपवायचं?

आदल्या दिवशी मी तिच्यासमोर माइक धरला.

"आत्या, नुसतं 'शुभमंगल सावधान' म्हना बगू."

ती बिचारी हौसेनं म्हणाली. मी भरून घेतलं.

"झालं. उद्या तुमी निवांत बसा. कडवी भटजी म्हनतील, आन 'सावधान' ही पेटी म्हनंल. आवाज तुमचाच हाय की."

"आन माजी कडवी?"

"लय लांबत्यात, आत्या."

तिनं कागदाची घडी कमरेला खोचली आणि आचाऱ्यापाशी जाऊन लसूण सोलत बसली.

लग्नाच्या दिवशी मुहूर्ताला वीस मिनिटं होती. नवरदेव पाटावर उभा, समोर आंतरपाट, सुली अजून घरात साडी नेसत होती. कर्णे चालू आहेत का बघावं म्हणून मी एक पट्टी दाबली. "शुभमंगल सावधाऽऽन!" 'सावधान' ऐकून हातातल्या अक्षता न टाकणारा माणूस आमच्या जिल्ह्यात अजून जन्माला यायचाय. अख्ख्या मांडवाचे हात उठले, दारातला बँड धडाडला, आणि नवरदेवाचं पहिलं लग्न आंतरपाटाशी लागलं.

सुलीला घाईघाईनं उभी केली. भटजींनी पहिलं कडवं संपवलं आणि मी घामेजल्या बोटानं पट्टी दाबली, ती नेमकी खालची. आत्याच्या आवाजात रेडा रेकला. लोकांना काय, सावधान ते सावधान. पुन्हा अक्षता, पुन्हा बँड, आंतरपाट धरलेल्या मामांनी तो सोडूनही दिला. त्यातल्या मूठभर अक्षता पेटीवर पडल्या, तांदूळ पट्ट्यांच्या फटीत गेले आणि दाबलेली पट्टी काही केल्या वर येईना.

"सावधाऽन... सावधाऽन..." रेडा थांबेना. प्रत्येक सावधानला लोक अक्षता टाकत होते, आणि प्रत्येक अक्षतेनं आणखी एक पट्टी अडकत होती. पाहता पाहता वरची पट्टीही दबून बसली. आता एक आत्या रेड्यासारखी आणि एक आत्या पिपाणीसारखी, दोघी मिळून माझ्या बहिणीचं तिसरं लग्न लावू लागल्या.

"मामा, आंतरपाट धरा!"

"कितींदा धरू रं? हात भरून आलं."

"दादा," सुली दात खाऊन म्हणाली, "माळ घालू का नगं, एकदा काय ते सांग."

शेवटी मिरजेचे चुलते शांतपणे उठले आणि त्यांनी वायर उपटली. "आमच्या तंबोऱ्यात तांदूळ गेला तर तंबोरा गप बसतो," ते मला म्हणाले. "तुमचं यंत्र तांदूळ खाऊन जोर धरतंय."

मुहूर्ताला पाच मिनिटं उरली. पेटीवर आवाज चढवून चढवून भटजींचा घसा बसला होता. त्यांनी खुणेनंच सांगितलं, कुणीतरी माणूस आणा. आईनं माझ्याकडे असं बघितलं की मी सरळ आचाऱ्याकडे पळालो.

"आवं आत्या, चला. तुमच्याबिगर लग्न लागंना."

"का रं? पेटीतली आत्या दमली व्हय?"

"चुकलं माजं. पाया पडतो."

तिनं लसूण बाजूला ठेवला, हात पुसले, कमरेचा कागद काढला. अक्षता संपल्या होत्या म्हणून आचाऱ्याचे कच्चे तांदूळ वाटले. (मसालेभात मग कमी पडला, तेही माझ्याच नावावर आहे.) आत्यानं सातही कडवी म्हटली. चार ठिकाणी चिरकली. मिरजेचे चुलते डोळे मिटून ऐकत होते आणि सुली आंतरपाटाआड ढसाढसा रडत होती. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू.

कडव्यांत सगळे होते. मामा होते, काकी होती. ते चुलते सकाळीच ओळखीचे झालेले, त्यांनाही तिनं उभ्या उभ्या बसवलं. मी कान टवकारून सातवं कडवं संपेपर्यंत वाट बघितली.

जेवताना विचारलंच, "आत्या, माजं नाव ऱ्हायलं का वो?"

"न्हाई रं बाळा," माझ्या पानात जिलबी वाढत ती म्हणाली. "तुजं नाव त्या पेटीत भरलंय. दाबून बग."

दुसऱ्या दिवशी तांदूळ टोकरून काढले आणि दार लावून एकसष्टच्या एकसष्ट पट्ट्या दाबून बघितल्या. एकूणएक पट्टी 'सावधान'च म्हणाली.