चुन्याच्या अंगणातली रानबेरी

आमचे हे रंगारी. आयुष्यभर लोकांना चुना लावला, म्हणजे त्यांच्या भिंतींना! गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा घरी बसले, आणि एक दिवस टेकडीवरून रानबेरीची तीन झुडपं मुळांसकट घेऊन आले. मागच्या अंगणात लावली आणि माणूस बदललाच की हो! सकाळी माझ्याआधी त्यांच्याशी बोलणं. "आज बाळं जरा सुस्त दिसतायत." बाळं म्हणे! आम्हाला मूल झालं नाही. त्यांचं हे बोलणं ऐकून हसावं की चिडावं, मला काही कळायचं नाही.

मग पानं पिवळी पडायला लागली. ह्यांनी शेणखत घातलं, राख घातली, भर उन्हात छत्री धरून उभे राहिले. पानं आणखी पिवळी. "टेकडीवर यांना काळं कुत्रंही विचारत नव्हतं, तरी फळांनी लगडलेली. इथे एवढी सेवा करतोय, तर ही तऱ्हा! माझं चुकतंय काय?" असं विचारत घरभर फिरायचे. पुढे संशय आला माझ्या धुण्याच्या पाण्यावर. मीही काही गप्प बसणारी नव्हे. चांगलीच जुंपली आमची. तेवढ्यात दोन झुडपं वाळलीसुद्धा.

शेवटी नर्सरीवालीला बोलावलं. तिने मूठभर मातीवर व्हिनेगर ओतलं, तशी माती फसफसली.

"काका, या झुडपांना आंबट माती लागते. इथे तर नुसता चुना आहे. आला कुठून?"

हे माझ्याकडे बघतात, मी ह्यांच्याकडे. कामावर जायचे तेव्हा चुन्याच्या बादल्या आणि कुंचे ते रोज त्याच कोपऱ्यात धुवायचे.

"आणि मी तर..." हे पुटपुटले, "ताकद यावी म्हणून वरून चिमूटभर देतही होतो."

"अहो, काय म्हणावं तुम्हाला!" मी ओरडले. पण त्यांचा चेहरा बघितला आणि पुढचं गिळलं.

तिने सांगितलं, टेकडीवरची माती आणा, कुजका पाला आणा, आणि चुना कधीच न लागलेलं मोठं लाकडी खोकं शोधा. आमच्या घरात आणि चुना न लागलेलं? ह्यांनी सगळी खोकी, सगळी पिंपं उलटीपालटी केली आणि कपाळाला हात लावून खाली बसले. "उरलेलं झुडूपही जातंय बघ."

मी शिडी लावली. माळ्यावर चादरीत गुंडाळलेला पाळणा होता, लग्नानंतर माझ्या सुतार भावाने केलेला, पेटीसारखा खोल. त्याला मी कुणाला हात लावू दिला नव्हता, ह्यांनासुद्धा. तो खाली आणला आणि चादर सोडली.

हे गिरमिट घेऊन आले खरे, पण हात चालेना.

"अगं, याला... याला भोकं पाडू?"

"पाडा," मी म्हटलं. "पाणी साचलं तर मुळं कुजतील."