निम्म्याचं निम्मं

रविराज गेला त्या संध्याकाळी त्याचा लॅपटॉप पाठीवरच्या सॅकमध्ये होता. सांगलीहून मोटरसायकलवरून कडेगावला येताना कुंडलच्या अलीकडं उसानं भरलेली एक ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी होती. मागं दिवा नव्हता. पोलिसांनी सॅक त्याच्या बायकोच्या, मायाच्या हातात दिली तेव्हा आतला लॅपटॉप मोडलेल्या पापडासारखा झाला होता.

माया कडेगावच्या एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायची. रविराज तिथंच तासिका तत्त्वावर फिजिक्स शिकवायचा आणि सांगलीच्या उदयसिंह सरांकडं पीएच.डी. करायचा. त्याचं गाव आटपाडीच्या पुढं, माळावर. वडील कोंडीबा अजून मेंढरं राखायचे, आई भामाबाई घरची थोडी डाळिंबं बघायची. भावकीत एवढं शिकलेला तो पहिलाच.

जाण्याआधी त्यानं संशोधनाचा एक पेपर पुरा केला होता. अजून न सापडलेला एक जड कण निसर्गात असावा, असं मानणारा एक सिद्धांत होता. तो कण असेल, तर प्रोटॉन एकमेकांवर आदळल्यावर कधीकधी दोन अगदी सारखे कण बाहेर पडतील. हे किती वेळा घडेल, ते रविराजनं एका सॉफ्टवेअरवर काढलं होतं. उत्तर इतकं लहान आलं होतं, की आजवरच्या प्रयोगांत तसं काही दिसलं नाही यात नवल नव्हतं. म्हणजे सिद्धांताला अजून जागा होती. सरांनी पेपर त्याच्या नावानं इंटरनेटवर ठेवला आणि एका मासिकाकडं पाठवला. कोंडीबांनी ठरवलं, वर्षश्राद्धाला सरांना गावात बोलवायचं. पोरानं काय शोधलं, ते चार माणसांपुढं सरांनी सांगायचं.

मासिकाच्या परीक्षकानं मात्र एक मागणी केली. हेच गणित सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीवर पुन्हा करून आकडे कळवा. उदयसिंह सरांना निवृत्तीला थोडे महिने उरले होते आणि डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. हाताशी दुसरा विद्यार्थी नव्हता.

"सर, मी करते," माया फोनवर म्हणाली.

"तुम्हाला जमेल? त्रास होईल. नुसतं ते सॉफ्टवेअर बसवायलाच रविराजला पंधरवडा लागला होता."

"फाईली आहेत का तुमच्याकडं?"

"त्यानं मेलवर पाठवलेल्या आहेत."

कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमधला कोपऱ्यातला एक जुना संगणक तिनं मागून घेतला. त्यावर लिनक्स बसवलं. मग ते सॉफ्टवेअर उतरवून घ्यायला लावलं, तर लाईट गेली. दुसऱ्या दिवशी उतरलं, पण चालेना. कम्पायलर सापडत नाही म्हणालं. तो घातला, तर पायथॉन जुनं आहे म्हणालं. ते नवं केलं, तर प्रोटॉनच्या आत काय किती असतं त्याचे तक्ते वेगळे आणून ठेवावे लागले. पडद्यावर तांबड्या ओळी सरसर वर जायच्या आणि शेवटी थांबायच्या. त्यातली एक ओळ निवडून ती इंटरनेटवर शोधायची, कुणा परक्या माणसाला कधी तरी हीच अडचण आलेली असायची, त्यानं केलं तसं करायचं. दुपारचे तास संपले की ती तिथं जाऊन बसायची. घरी जाऊन करण्यासारखं तसंही काही नव्हतं.

एकदाचं ते चाललं. तिनं रविराजनं लिहिलेली आज्ञा दिली. क्षणभरानं सॉफ्टवेअरनं सगळ्या आकृत्या काढून दाखवल्या: सरळ रेघा, नागमोडी रेघा, जिथं त्या भेटतात तिथं ठिपके. या आकृत्या रविराज चहाच्या बशीखालच्या ओलाव्यात बोटानं काढायचा आणि "बघ, इथनं आत जातो, इथनं बाहेर येतो," असं सांगायचा. ती हं हं म्हणायची. तेव्हा तिला पोरांचे पेपर तपासायचे असायचे. आता ती एकेक आकृती नीट बघत बसली आणि शिपाई कुलूप लावायला आला तेव्हाच उठली.

उत्तर आलं ते रविराजच्या पेपरमधल्या आकड्याच्या बरोबर दुप्पट.

तिला वाटलं, आपलंच काही चुकलं. तिनं सगळं पुसून पुन्हा बसवलं. सॉफ्टवेअरसोबत सरावासाठी एक जुनं, ठरलेल्या उत्तराचं गणित येतं, ते करून पाहिलं. ते बरोबर आलं. रविराजचं पुन्हा केलं. दुप्पटच.

मग तिनं सरांच्या मेलमधल्या बाकीच्या फाईली उघडल्या. सॉफ्टवेअरनं दिलेला आकडा घेऊन पुढचे तक्ते करणारी एक छोटी फाईल रविराजनं स्वतः लिहिली होती. तिच्यात त्यानं आकड्याला दोननं भागलं होतं. दोन सारखे कण बाहेर पडतात, हा पहिला आणि तो दुसरा, तो पहिला आणि हा दुसरा, अशी एकच गोष्ट दोनदा मोजली जाते. म्हणून दोननं भागायचं. नियम बरोबर होता. पण सॉफ्टवेअर हे स्वतःच करतं की नाही? ते बनवणाऱ्यांच्या चर्चेच्या पानावर तिनं विचारलं. दोन दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं: ते आम्ही आधीच केलेलं असतं, तुम्ही पुन्हा भागू नका.

दुप्पट आकडा घेऊन तिनं प्रयोगाचे आलेख पाहिले. इतक्या वेळा ते घडत असतं तर आजवर दिसायलाच हवं होतं. दिसलेलं नव्हतं. त्या सिद्धांताला जागा उरली नव्हती.

ती सांगलीला गेली. उदयसिंह सरांनी काळा चष्मा काढला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ तसाच धरला.

"हे मी बघायला हवं होतं," ते म्हणाले. "उत्तर चांगलं आलं होतं, म्हणून बघितलं नाही."

"सुधारून पाठवता येईल ना, सर?"

"सुधारलं तर एवढंच उरतं, की हा सिद्धांत बाद आहे. ते दुसऱ्यांनी मागच्याच वर्षी लिहिलंय. वेगळ्या वाटेनं." त्यांनी कागद खाली ठेवला. "मागं घ्यावा लागेल. तुम्ही म्हणाल तेव्हा घेतो."

"आजच घ्या," माया म्हणाली. घरी जाऊन विचार केला तर आपल्याच्यानं होणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. रविवारी ती गावी गेली. कोंडीबा मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, वाघरीच्या कडेला, बाभळीच्या सावलीत बसले होते. मेंढरं उन्हानं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी होती. तिनं सासऱ्यांजवळ बसून सांगितलं.

"मामा, सर येणार न्हाईत. पेपर मागं घेतला."

"का गं?"

"हिशोबात चूक निघाली."

"कुनाची?"

"ह्यांची," ती म्हणाली.

कोंडीबांनी मान हलवली. "नीट सांग. मला कळंल असं सांग."

तिनं समोरची मेंढरं दाखवली. "दोन अगदी सारखी मेंढरं वाघरीतनं भाईर आली. तुमी म्हनलं, ही आधी आन् ती मागनं. मी म्हनलं, ती आधी आन् ही मागनं. गोष्ट एकच, पर दोघांनी मोजली म्हनून दोन झाल्या. मग निम्म्या करायच्या. मशीननं निम्म्या केल्या हुत्या. ह्यांनी परत केल्या."

"म्हंजी निम्म्याचं निम्मं."

"व्हय."

एक मेंढरू खोकलं. मग कोंडीबांनी विचारलं, "ही कुनी काडलं?"

"मी."

"तू न काडतीस तर?"

"दुसऱ्या कुनी काडलंच असतं, मामा. आज ना उद्या."

"मग दुसऱ्यानं काडायचं हुतं," कोंडीबा म्हणाले. आवाज चढला नव्हता. काठी टेकून ते उठले आणि मेंढरांच्या पलीकडं जाऊन, तिच्याकडं पाठ करून उभे राहिले.

घरात भामाबाईनं तिला ताट वाढलं. भाकरी, डाळ, वर कांदा. माया जेवेना, तशी म्हातारी शेजारी येऊन बसली.

"त्यो लबाड न्हवता न्हवं?" तिनं हळूच विचारलं.

"न्हाई आत्या. चुकलं फक्त. चांगल्या चांगल्यांचं चुकतं."

"मग ही असं बाकीच्यास्नी कोन सांगनार?"

गावात एवढंच पसरलं, की रविराजचं शिक्षण खोटं निघालं. कुणी तोंडावर बोललं नाही. वर्षश्राद्धाला माणसं आली, जेवली, पानं उचलली गेली. ज्यांनी भाषणासाठी माईक सांगून ठेवला होता, त्यांनी तो परत पाठवला. कोंडीबा दिवसभर पाहुण्यांशी बोलले, मायाशी नाही. निघताना ती पाया पडली, तेव्हा त्यांनी पाय मागं घेतले नाहीत, पण हातही ठेवला नाही.

उन्हाळ्यात उदयसिंह सरांचा फोन आला. म्हणाले, निवृत्त झालो, पण एका ओळखीच्या प्राध्यापकांशी बोललोय. तुम्ही पीएच.डी.ला नाव घाला. एकटीनं इतकं शोधलंत, ते वाया घालवू नका.

"नको, सर," ती म्हणाली. बारावीच्या पोरांना इंटिग्रेशन शिकवताना दोननं भागायची पायरी आली, की तिचा खडू थांबायचा. पोरं वाट बघायची. मग ती लिहायची आणि पुढं जायची.

जूनमध्ये लॅबच्या बाईंनी विचारलं, ऑनलाईन परीक्षेसाठी संगणक लागणार आहेत, कोपऱ्यातल्या त्या यंत्रावरचं तुमचं सगळं काढून टाकू का. माया तासाला निघाली होती. "काढा," ती म्हणाली, आणि वह्यांचा गठ्ठा दुसऱ्या हातात घेऊन जिना चढू लागली.