तिसरं गंगावन

गेल्या वर्षी भाद्रपदात, महालक्ष्म्या यायच्या दिवशी, मी अमरावतीहून अकोल्याला माहेरी गेले. डोक्यावर एकही केस नव्हता. भुवयाही नव्हत्या.

चाई उन्हाळ्यात लागली. आधी कानामागे रुपयाएवढी जागा गुळगुळीत झाली, मग दुसरी, मग मोजणं थांबलं. दुपारी कूलरच्या वाऱ्यावर गळलेले केस फरशीवरून हळूहळू सरकत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन जमत. अर्धवट झोपेत मी त्यांच्याकडे पाहत असे, आणि घरात आणखी कुणी बाई राहून गेली असावी, असं वाटे. डॉक्टर म्हणाले, हा पसरणारा रोग नाही, जिवाला धोका नाही. केस येतील किंवा येणार नाहीत. उरलेले मी काढून टाकले. वर्तमानपत्राच्या कचेरीत माझ्या टेबलाकडे दोन दिवस माना वळल्या. मग निवडणुकीच्या बातम्या सुरू झाल्या.

बस बडनेऱ्याच्या पुढे आली तेव्हा आभाळ खाली आलं होतं. दोन्ही बाजूंना सोयाबीन आणि कापसाची पऱ्हाटी, मध्येच एखादं पाण्यात उभं असलेलं बाभळीचं झाड. काचेत माझा चेहरा शेतांवरून वाहत चालला होता आणि शेतं त्यातून आरपार दिसत होती. शेजारच्या बाईंनी बराच वेळ पाहून विचारलं, "बालाजीले केस द्याले गेल्त्या का ताई?"

"नाही. आजार आहे."

त्या मूर्तिजापूरला उतरताना वाकून म्हणाल्या, "बालाजीच म्हनत जा वो. लोक बरे राह्यतात."

आमच्याकडे ज्येष्ठा आणि कनिष्ठा उभ्याच्या असतात. खाली धान्य भरलेल्या लोखंडी कोठ्या, वर पितळेचे मुखवटे. त्यांना साड्या मी नेसवते. कॉलेजात असल्यापासून मी देव मानत नाही आणि हे घरात सगळ्यांना माहीत आहे. साडी नेसवणं मला आवडतं, म्हणून नेसवते. हात जोडत नाही, कुंकू लावत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र सवाष्णींच्या पंगतीत बसते, कारण त्यातलं एक ताट माहेरवाशिणीचं असतं आणि त्या ताटावर आईला मी दिसावी लागते. इतकी वर्षं याला कुणी हरकत घेतली नव्हती. माझी वेणी कमरेखाली जायची. आलेल्या बायका ती हातात घेऊन बघत, "लक्ष्मी आहे" म्हणत आणि माझ्या कोऱ्या कपाळावरून त्यांची नजर घसरून जाई. केस होते तोवर माझं न मानणं कुणाला दिसलंच नव्हतं.

घरी पोचले तेव्हा वहिनी, म्हणजे माझ्या भावाची बायको, आतल्या खोलीत पिशवी उघडून बसली होती. तिने तीन गंगावनं काढून सतरंजीवर शेजारी शेजारी ठेवली. खोट्या केसांची, काळी, लांब, एकसारखी.

"हे दोन देवींचे," ती म्हणाली. "आन हे तुमचं."

"माझं?"

"उद्यापुरतं, ताई. मामीजी येतीन पंगतीले."

मामी म्हणजे आईच्या भावाची बायको, पंगतीतली सर्वांत मोठी सवाष्ण. त्यांनी फोनवर काय म्हटलं ते मी ऐकलेलं नाही. वहिनीने सांगितलं ते असं: बोडकं डोकं आणि कोरं कपाळ घेऊन कुणी शेजारी बसलं, तर मामी ताटावरून उठतील. सवाष्ण ताटावरून उठली तर नैवेद्य अपुरा राहतो, असं आमच्याकडे धरतात. आईने खाट धरल्यापासून महालक्ष्म्या वहिनीकडे आल्या होत्या आणि हे तिचं पहिलं वर्ष होतं. काही बिनसलं असतं तर ते तिच्याच नावावर लागलं असतं. मी बसले नसते, तर त्या घरात माझं म्हणून असलेलं एकच ताट गेलं असतं.

"मामीला सांग, माझा नवरा जिवंत आहे. सकाळीच गाडी पंक्चर झाली म्हणून तासभर कुरकुरत होता."

"ते मले माईत हाय. पंगतीले कसं माईत पडंन?"

मी आरशासमोर बसले. वहिनीने गंगावन माझ्या डोक्याला मागून लावलं, दोरी सोडवली आणि थांबली. गंगावन केसांच्या बुडख्याला बांधतात. तिने ते कानावरून घेऊन पाहिलं, कपाळावरून घेऊन पाहिलं. ते सरकून माझ्या मांडीवर आलं.

"आता हे बांधू कशाले?"

आई खाटेवरून सगळं पाहत होती. ती म्हणाली, "डिंक आन वो, डिंक. पाकिटावानी चिकटव."

आम्ही तिघी हसलो. बाहेरच्या खोलीतून भावाने काय झालं म्हणून विचारलं, त्यावर आणखी हसलो. हसता हसता वहिनीचे डोळे भरले आणि हसणं संपल्यावरही भरलेलेच राहिले.

"एक शब्द म्हना, ताई. बालाजीले दिले म्हना. मामीजी उलट्या तुमच्या पाया पडतीन."

"म्हणूनच म्हणणार नाही."

"मंग कुंकू तरी लावा."

"केस होते तेव्हा लावलं नाही."

"तवा कोनी पायत नव्हतं."

आईने कूस बदलली. "मले माही पोरगी पाटावर पाह्यजे," ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "कशी बसवता, ते तुमी पाहा."

संध्याकाळी साड्या नेसवल्या. एक हिरवी, एक जांभळी. मुखवटे अजून परातीत तांदळांवर आडवे होते. कोठ्या तशाच, बिनचेहऱ्याच्या उभ्या होत्या. मी निऱ्या घालत गेले, वहिनी पिना देत गेली. नव्या कापडाचा वास, आघाड्याचा वास, बाहेर गल्लीत कुठेतरी थाळी वाजत होती. पदर खांद्यावर टाकला की कोठी एकदम बाई होते, हे दर वर्षी होतं आणि दर वर्षी ते नेमकं कुठल्या क्षणी होतं हे मला पकडता आलेलं नाही. त्या संध्याकाळी मी लक्ष ठेवून होते. तरीही ते निसटलं. वर पाहिलं तेव्हा दोघी उभ्या होत्या, आणि आपण तिघी-चौघी फार पूर्वीपासून या खोलीत काही न बोलता थांबलो आहोत, असं मला वाटलं. मग वहिनीने मुखवटे बसवले, गंगावनं बांधली. ती नीट बसली. मुखवट्याला मागे त्यासाठी कडी असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामी आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग साड्यांकडे. "निऱ्या झ्याक आल्या," म्हणाल्या. कुणाला ते सांगितलं नाही.

पाट मांडले. माझा पाट मामींच्या शेजारी होता. तो वहिनीने मांडला होता. मी डोकं उघडं ठेवून बसले. ताटांत पुरणपोळी, आंबील, वडे, सोळा भाज्यांची मिसळलेली भाजी. दारातून आईची खाट दिसत होती. तिने उशी उभी करून घेतली होती.

वहिनी करंडा घेऊन एकेका कपाळाला हळदकुंकू लावत आली. दर वर्षी आई माझ्यापाशी न थांबता पुढे जायची. वहिनी थांबली.

"लावू?"

हे मला त्या घरात आधी कुणी विचारलं नव्हतं.

"नको," मी म्हटलं.

तिने मान हलवली, माझ्या ओंजळीत गजरा ठेवला आणि मामींच्या पाटासमोर जाऊन बसली.

"इले काहून नाई लावलं?" मामींनी विचारलं.

"त्या नको म्हनाल्या, मामीजी."

"आन तू आयकलं?"

"हो. मीनंच विचारलं होतं."

मामी पाटावरून अर्ध्या उठल्या. एक हात जमिनीवर टेकलेला, एक गुडघ्यावर. पंगतीतल्या बाकीच्या बायका ताटांकडे पाहत राहिल्या. भाऊ कढीचं भांडं घेऊन दारात उभा होता. वहिनी करंडा धरून तशीच बसली होती, कुंकवाचं बोट पुढे केलेलं.

"वैनी," खाटेवरून आई म्हणाली, "बसता का उठता, एक ठरवा. कढी निवून राहिली."

मामींनी कपाळ पुढे केलं. वहिनीने कुंकू लावलं. मग मामींनी आपला पाट हातभर पलीकडे ओढला, त्यावर नीट बसल्या आणि कढी मागितली.