मर्वच्या पाठीचं मतदान

मर्व ट्रेव्हास्किसची पाठ म्हणजे आमच्या लोकर कातरायच्या शेडची सार्वजनिक मालमत्ता. चौतीस वर्षं हा माणूस दिवसाला दीडशेच्या वर मेंढ्या भादरत आला आणि चौतीस वर्षं पाठीबद्दल बोलत आला. मी इथली स्वयंपाकीण. "पाठ कशी आहे?" असं चुकून तोंडातून निघालं, की कस्टर्ड थंडगार होईपर्यंत माझी सुटका नाही.

यंदा मात्र पाठीनं खरंच डाव साधला. कंबरेतला एक मणका खालच्यावरून पुढं घसरला, नस दबली आणि भर कामात त्याचा डावा पाय बधिर झाला. मेंढी अर्धी कातरलेली, मर्व पूर्ण आडवा. ती बया त्याच्या छातीवर पाय देऊन पळाली, अर्धा कोट अंगात घालून.

अ‍ॅडलेडच्या डॉक्टर फामबाईंनी दोन वाटा सांगितल्या. मणक्यांच्या मध्ये आधाराला लहानसा पिंजरा दोन्हीत बसवायचाच. पण हाडं जुळून येईपर्यंत तो धरून ठेवायला एकतर दोन्ही बाजूंनी चार स्क्रू आणि दोन दांड्या, नाहीतर एकाच बाजूनं दोन स्क्रू आणि एक दांडी. चारांचं काम भक्कम, पण वेळ जास्त, रक्तही जास्त जातं. दोनांचं झटपट उरकतं, पण पिंजरा हलायची धास्ती थोडी अधिक. दुखणं म्हणाल तर दोन्हीत जवळपास सारखंच कमी होतं. "घरच्यांशी बोला आणि सोमवारी कळवा," बाई म्हणाल्या.

घरी बायको होती, बेव्ह. पण मर्वच्या लेखी घर म्हणजे शेड.

"ऑगस्टात, पुढच्या हंगामाला, मला माझ्या जागेवर उभं राहायचंय, ग्लेनिस," तो मला म्हणाला. "कुठल्या स्क्रूनं ते जमेल, तेवढंच ठरवायचं."

"मग हे डॉक्टरबाईंना विचारलंस का?"

"तिला काय कळतंय मेंढीतलं!"

सोमवारी सकाळच्या चहाला त्यानं दोन पुरावे हजर केले. केव्ह डुलन, पूर्वी इथंच कातरायचा, त्याच्या कमरेत चार स्क्रू. आणि स्नो बार्नेट, हाही जुना कातरणारा, आता शेडमधल्या कातरायच्या पात्यांना धार लावून देतो. त्याच्या कमरेत दोन. माझे चहाबरोबरचे गोड पाव, स्कोन, बाजूला सारून दोघांनी शर्ट वर केले.

"माझी खूण बघ," स्नो म्हणाला, "बोटाएवढी! तिसऱ्या दिवशी घरी आलो."

"आलास खरा, पण तिरका आलास," केव्ह म्हणाला. "अजून वाऱ्याच्या दिशेनं झुकतोस."

"आणि तू? तुला मागून हाक मारली तर बससारखा वळतोस. अर्धा रस्ता लागतो!"

मग वाकायची स्पर्धा झाली. केव्ह गुडघ्यापाशी अडकला. स्नो पोटरीपर्यंत पोचला, पण परत वर येईना. दोन कातरणाऱ्यांनी मिळून त्याला उभा केला. मी म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची, शर्ट खाली करा आणि खा आता.

"मत घेऊ," मर्व म्हणाला.

आमच्याकडं मत म्हणजे एकच. पाऊस झाला की प्रत्येकानं दोन मेंढ्या कातरून बघायच्या आणि गुपचूप चिठ्ठीवर लिहायचं, ओली की कोरडी, कारण ओली मेंढी कातरत नाहीत. 'ओली' जास्त आल्या तर काम बंद, मालकानं कितीही आदळआपट केली तरी. मग चिठ्ठ्या वाटल्या. पाच कातरणारे आणि हे दोन पुरावे. "पाठ माझी, मत तुमचं," असं म्हणून मर्व स्वतः बाजूला बसला. मोजायला मी, कारण स्वयंपाकिणीला मत नसतं.

पहिली चिठ्ठी उघडली. 'ओली.' दुसरी. 'कोरडी.' तिसरी, 'ओली.'

"अरे गाढवांनो!" मी ओरडले. "चार की दोन लिहायचं होतं! सवयीनं काय वाटेल ते खरडता?"

शेड हसून हसून लोळायची बाकी राहिली. एकानं तर खाली 'शेपटाकडं जास्त ओली' असंही लिहिलं होतं. पाच ओल्या, दोन कोरड्या.

"मग ओली म्हणजे चार की दोन?" डोळे पुसत मर्वनं विचारलं.

आणखी हसणं. फक्त केव्ह हसत नव्हता.

"मी सवयीनं नाही लिहिलं, मर्व," तो म्हणाला. "ओली म्हणजे ओलीच. काम बंद."

"म्हणजे?"

"माझ्यात चार, याच्यात दोन. आमच्यातला एक तरी पुन्हा मेंढीवर वाकला का? मी शाळेची बस चालवतो, हा पाती घासतो. तासभर तू आमच्या खुणा बघतोयस, पण हे एकदाही विचारलं नाहीस."

मर्वनं स्नोकडं पाहिलं. स्नोनं मान खाली घातली. त्याची चिठ्ठीही ओलीच होती, अक्षर मी ओळखलं होतं. मला त्या क्षणी केव्हचा भयंकर राग आला, आणि मर्वला पोटाशी धरावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही. चहा ओतला.

मर्व उठला, भिंतीवरच्या फोनपाशी गेला आणि त्यानं दवाखान्याचा नंबर लावला. बाई लाईनवर आल्या.

"डॉक्टर, चार स्क्रू लावा, भक्कम असलेलं बरं," तो म्हणाला. "आणि एक राहिलंच विचारायचं. मी परत मेंढ्या कातरीन का?"

तिकडून काय उत्तर आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही.

"हो," शेवटी तो म्हणाला. "इथंही पाच विरुद्ध दोन तेच ठरलंय."