चोरदिंडी नसलेला किल्ला

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार. चौघांची तिकिटं, अठ्ठावीस युरो. हजर: मी, बायको, आमची तेरा वर्षांची मुलगी, साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आलेले सासरे, आणखी सहा-सात पर्यटक आणि किल्ला दाखवणाऱ्या बाई.

हे जर्मन गाव फ्रान्सच्या हद्दीपासून फार लांब नाही. दोन राजवटींच्या मधे सापडल्यामुळं त्याला पुन्हा पुन्हा वेढे पडले. एकदा हे आत नि ते बाहेर, पुढच्या वेळी ते आत नि हे बाहेर. नव्या तोफांपुढं तट निकामी ठरला, गावाला वाढायला जागा हवी होती, तेव्हा गावानंच तो पाडून टाकला. आता तिथं बाग आणि शाळा आहे. उरल्यात दोन वेशी आणि जमिनीखालचे बोगदे.

गाडीतून उतरताच सासऱ्यांनी चहूकडं पाहिलं.

"जावईबापू, चढ कुठाय?"

"बाबा, हा किल्ला सपाटीवरच आहे."

"सपाटीवर? आमच्याकडं याला बाजारतळ म्हणतात."

"बाबा, हळू बोला," बायको म्हणाली.

"इथं कुणाला कळतंय मराठी?"

"मला," मुलगी जर्मनमधून म्हणाली, आणि ते मात्र त्यांना कळलं.

सासऱ्यांनी उभा जन्म सुट्टीच्या दिवशी गड चढण्यात घालवला आहे. गडावर गेलं की आधी दरवाजा, मग पाण्याचं टाकं, मग तटात लपवलेली चोरदिंडी. वेढा पडल्यावर निरोप तिथूनच जातो, दाणा तिथूनच येतो. चोरदिंडी पाहिली नाही तर गड पाहिला नाही, असं त्यांचं ठाम मत.

बोगदे अरुंद, म्हणून पिशव्या वरच ठेवायला लावल्या. सासऱ्यांच्या पिशवीत शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा होता. ते मधुमेही. आमची फेरी लगेच सुरू होईल आणि नंतर जेवू, या हिशोबानं त्यांनी गाडीतच इन्शुलिन टोचून घेतलं होतं. फेरी पाऊण तास उशिरा सुटली. तोवर ते उपाशीच आहेत, हे बायकोच्या आणि माझ्या, दोघांच्याही लक्षात आलं नाही.

खाली कंबरेत वाकून चालावं लागत होतं. बाई सांगत होत्या: वेढा घालणारे तटाखाली सुरुंग खणत यायचे, म्हणून आतल्यांनी त्यांच्या दिशेनं हे बोगदे खणले. मुलगी आजोबांना जमेल तसं मराठीत सांगत होती. मग वाट इतकी अरुंद झाली की एकामागं एक चालावं लागलं. सासरे सगळ्यात मागं होते.

वर आलो तेव्हा ते नव्हते.

"तुमच्या मागं होते ना ते?" बायकोनं विचारलं.

"होते."

"होते म्हणजे? मग आता कुठं आहेत?"

बाईंनी अग्निशामक दलाला फोन लावला. यायला वीस मिनिटं लागतील, म्हणाले. इन्शुलिनला दीड तास होऊन गेला होता. वीस मिनिटं थांबणं परवडणारं नव्हतं. बाई कंदील घेऊन पुन्हा खाली उतरल्या, मागोमाग मी आणि मुलगी. मी "बाबा, बाबा" ओरडायला लागलो. आवाज सगळ्या फाट्यांमधून फिरून माझ्याचकडं यायचा.

"गप्प राहा," बाई म्हणाल्या. "इथं ओरडून काही मिळत नाही. ऐका."

आम्ही उभे राहिलो. मला स्वतःच्या श्वासापलीकडं काही ऐकू येईना. बाईंनी एका भिंतीला कान लावला, मग दुसऱ्या. मुलीनंही लावला.

"डा," ती म्हणाली. तिथं.

दगडावर दगड. टक, टक. मग बराच वेळ काही नाही. मग एकच टक, हळू. त्यानंतर तोही थांबला.

तो फाटा गुडघ्यांवर रांगत जाण्याइतकाच होता. मी पुढं झालो. शेवटी भिंत, तिच्यावर मुठीएवढं हवेचं भोक, आणि भोकाखाली सासरे बसलेले. हातात दगड, सदरा घामानं भिजलेला. मला पाहून म्हणाले, "एसटी गेली का?"

बाईंच्या खिशात ग्लुकोजच्या वड्या होत्या. मुलीनं माझ्या खांद्यावरून हात घालून एकेक वडी त्यांच्या तोंडात दिली. "चावा आजोबा, चावा," ती म्हणत होती, मराठीत. चौथ्या वडीनंतर त्यांनी तिला नावानं हाक मारली. मग आम्ही त्यांना हळूहळू वर आणलं.

वर बाकावर लाडू खाताना बायको त्यांच्यावर बरसली.

"कुणी सांगितलं होतं वाट सोडायला?"

"वारा लागला गालाला. वारा येतो तिकडं वाट असते. चाळीस वर्षांत कधी चुकलं नाही."

"आज चुकलं."

"विचार बाईंना," ते नातीला म्हणाले, "चोरदिंडी नव्हती, तर मग तिथली माणसं बाहेर कशी पडायची?"

तिनं विचारलं. बाईंचं उत्तर तिनं मराठीत सांगितलं.

"पडायची नाहीत, म्हणतायत. अंधारात बसून फक्त ऐकायची. शत्रू खणत कुठवर आलाय ते. वारा त्यांना श्वास घ्यायला होता."

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. "आणि आपण याला बाजारतळ म्हणालो," ते म्हणाले.

अग्निशामक दलाच्या लोकांनी त्यांची साखर तपासली, सही घेतली आणि गेले. त्यांनी काही आकारलं नाही. पुढची फेरी मात्र आमच्यामुळं रद्द झाली होती आणि नऊ जणांना तिकिटांचे पैसे परत द्यावे लागले होते. ते त्रेसष्ट युरो सासऱ्यांनी स्वतःच्या पाकिटातून काढून बाईंच्या हातात दिले. मी पुढं झालो, तर मला कोपरानं मागं सारलं.