बाबाच्या ओळखी

माझा बाबा, एउफ्रासियो, दक्षिण स्पेनमधल्या हाएनजवळच्या आमच्या गावात जन्मला, तिथेच ऑलिव्हच्या झाडांत वाढला, तरी त्याची ओळख नाही असं गाव अख्ख्या आंदालुसियात उरलेलं नाही. पेट्रोल भरायला थांबलो तरी पंपावरच्या माणसाची आत्या ह्याच्या आतेभावाची शेजारीण निघते. लोक म्हणतात, किती माणसं जोडली आहेत. जोडली आहेत खरी. पण त्या माणसांच्या गराड्याबाहेर आईचा जन्म ताटकळत गेला, हे कुणी म्हणत नाही.

माझ्या आईला, कुस्तोदियाला, ग्रानादाचा अल्हंब्रा राजवाडा आतून पाहायचा होता. एवढंच. तिच्याकडे फळांच्या वड्यांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे, झाकणावर राजवाड्यातल्या दगडी सिंहांच्या कारंज्याचं चित्र आहे. त्यात ती बटणं ठेवते. इतकी वर्षं हाताळून सिंहांची तोंडं पार पुसून गेली आहेत. लग्न झाल्यावर बाबा तिला ग्रानादाला घेऊन गेला, तेव्हा बसस्टँडवरच त्याला कुणी लांबचा मामा भेटला आणि मधुचंद्र त्या मामाच्या स्वयंपाकघरात पार पडला. पुढे मी आणि माझा भाऊ ब्लास शाळेत असताना परत गेलो, तर ओळखीच्या एका गॅरेजवाल्याकडे मुलीचा बाप्तिस्मा निघाला. राजवाडा आम्ही खालच्या रस्त्यावरून बघितला. "बाहेरूनही छान आहे," आई म्हणाली होती.

यंदा तिला सत्तर वर्षं पूर्ण झाली. गुडघे कुरकुरायला लागले. मी म्हटलं, आता बस्स. कितीतरी आधी तिकिटं काढली. आतल्या महालांचं तिकीट ज्याच्या त्याच्या नावाचं असतं आणि आत शिरायची वेळ ठरलेली असते. आमची साडेचारची होती. ती हुकली की हुकली. हे मी बाबाला फोनवर सांगितलं, जेवताना सांगितलं, गाडीत बसताना पुन्हा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

"एवढं काय घाबरतेस?" तो म्हणाला. "दारावर आपला फर्मीन असतो. माझं नाव घेतलं की झालं."

"बाबा, तिथे वेळ बघतात."

"वेळ कसली बघतात? माणूस बघतात."

मी ज्याचं तिकीट त्याच्या हातात दिलं. बाबाने त्याचं घडी करून सिगरेटच्या पाकिटात कोंबलं. आईने तिचं ओळखपत्राबरोबर पर्समध्ये ठेवलं आणि चेन लावली.

निघताना डिकी उघडली तर आत आमच्या तेलाचा पाच लिटरचा कॅन.

"हा कुणाला?" मी विचारलं.

"निकासियोला. लष्करात एका खोलीत होतो आम्ही. त्याच्या शहरात जायचं आणि त्याच्या दारात तेल ठेवायचं नाही? मग तोंड कसं दाखवायचं? दोन मिनिटं लागतील. मी गाडीतून उतरणारसुद्धा नाही."

नमनाला घडाभर तेल म्हणतात, आमच्याकडे ते डिकीत घालूनच निघतात.

निकासियोचं घर राजवाड्याच्या टेकडीच्या पायथ्याशीच आहे. बाबा अर्थात उतरला. गळाभेट झाली, पाठीवर थापा झाल्या. दारात निकासियोची बायको आंगुस्तियास कमरेवर हात ठेवून उभी. "न जेवता जाणार असाल तर तो कॅनही घेऊन जा," ती म्हणाली.

झालं. आम्ही टेबलाशी बसलो. हॅम घालून परतलेले हिरवे दाणे आले, ऑम्लेट आलं, पाव आला. आमच्या लोकांत एक खोड आहे. पाहुणा निघतो म्हणाला की यजमानीण काहीतरी आणायला उठते, आणि ती उठलेली असताना पाहुण्याने उठणं म्हणजे तिच्या हातच्या अन्नाला नाव ठेवणं. मी "निघायचंय" म्हटलं, चीज आलं. परत म्हटलं, कॉफी आली. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता आणि माझ्याच बोलण्याने ताटं वाढत होती.

"अगं, आहे अजून वेळ," ब्लास म्हणाला. समोर ताट असलं की ब्लासला नेहमीच वेळ असतो.

"पोरगी पोलिसात आहे का रे तुझी?" निकासियोने बाबाला विचारलं. "सारखी घड्याळ बघते."

सगळे हसले. बाबा सगळ्यांत जास्त हसला. मला तर रडूच यायला लागलं, आणि रडू येतंय याचाही राग आला. आई मात्र शांतपणे पाव मोडत होती. बाबाने हवालदाराच्या बकरीची गोष्ट काढली, जी आईने हजारदा ऐकली असेल, तेव्हा ती हळूच म्हणाली, "मी जरा हात धुऊन येते."

बकरी संपली, घरची गोड दारू आली, तरी आईची खुर्ची रिकामीच होती. आंगुस्तियास आत बघून आली. "आत नाहीत. कोटही नाही त्यांचा."

"गेली असेल शेजारी कुणाकडे," बाबा म्हणाला.

"शेजारी? इथे तिला कोण ओळखतं?" मी म्हटलं आणि घड्याळ पाहिलं. साडेचार वाजून गेले होते.

आम्ही तिघं चढावर धावत सुटलो. बाबाला धाप लागली होती. वाटेत एका खिडकीतून कुणी हाक मारली, "अरे, एउफ्रासियो ना तू?" जन्मात पहिल्यांदा बाबा थांबला नाही.

महालांच्या दाराशी एक तरुण मुलगी तिकिटं तपासत होती.

"फर्मीन कुठे आहे?" बाबाने विचारलं.

"ते निवृत्त झाले. माझे सासरे आहेत ते."

बाबाचा चेहरा उजळला. "मग तू घरचीच झालीस. त्यांना म्हणावं, एउफ्रासियो..."

"नमस्कार सांगेन की. पण आजोबा, तुमची वेळ गेली. आता सासरे स्वतः आले तरी मी त्यांनाही आत सोडणार नाही."

"माझी बायको हरवली आहे," बाबा म्हणाला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता. "निळा कोट. पाय ओढत चालते."

"त्या होय? खालून टेकडीवर येणाऱ्या लाल बसने आल्या म्हणे. रांगेत सगळ्यांत पुढे होत्या. मी विचारलं, सोबत कोणी नाही का? तर म्हणाल्या, आहेत, पण त्यांना वेळ लागतो."

आम्ही बाहेर दगडी कट्ट्यावर बसलो. समोरून माणसांचे लोंढे जात होते. बाबा एकेक चेहरा न्याहाळत होता आणि त्यातला एकही त्याच्याकडे बघत नव्हता. त्याची कीव यायला हवी होती, पण खरं सांगते, मला आली नाही. जन्मभर ही बाई तुझ्यासाठी अशीच बसली होती, हे त्याला ऐकवायचं माझ्या ओठांवर होतं. ब्लासने माझा हात दाबला म्हणून गप्प बसले.

ऊन उतरायला लागलं तेव्हा बागेच्या बाजूने आई आली. सावकाश, पाय ओढत. गाल लाल झाले होते.

बाबा उठून उभा राहिला. "कुस्तोदिया, सांगून तरी जायचंस. जिवाला घोर लागला होता माझ्या."

"सांगितलं असतं तर निकासियोलाही बरोबर घेतलं असतंस," आई म्हणाली.

ती त्याच्या शेजारी बसली. बाबा बुटांकडे बघत म्हणाला, "कसं आहे आत?"

आईने पर्स मांडीवर घेतली. 

"पाणी आहे. सिंहांना तोंडं आहेत," ती म्हणाली. "आणि एउफ्रासियो, आत एकही माणूस ओळखीचा नव्हता. फार बरं वाटलं."