रेफर नावाचं गाव

माता मृत्यू अन्वेषण समितीच्या बैठकीत पहिलं वाक्य ठरलेलं असतं : इथे कोणाचं नाव घ्यायचं नाही, कोणाला दोष द्यायचा नाही. ऐकायला फार सुंदर. दुसऱ्या वाक्यात दोष मेलेल्या बाईच्या सासूवर जातो. नियम मोडत नाही, कारण सासूचं नाव कोणाला माहीतच नसतं.

मी तिथे 'विशेष निमंत्रित' होते. बाळंतपणात दगावणाऱ्या बायकांबद्दल आमच्या गटाने पत्रकं वाटली, गेटसमोर घोषणा दिल्या, तेव्हा समितीवरचे जिल्ह्याचे साहेब म्हणाले, बाहेर ओरडण्यापेक्षा आत येऊन बसा. आत चहा मिळतो आणि ओरडता येत नाही. हुशार माणूस.

त्या दिवशी सातपुड्यातल्या एका पाड्यावरची सासू आली होती. तिची मोठी सून बाळंतपणात वाटेतच गेली होती. समितीने सकाळची वेळ दिलेली, म्हणून ही आदल्या दिवशीच डोंगर उतरून, धाकट्या सुनेला घेऊन एसटी स्टँडवर मुक्कामाला राहिली. साहेब दुपारी जेवून आले. खुर्चीत बसता बसता विचारलं, "उशीर का झाला?"

मला वाटलं, स्वतःलाच विचारताहेत.

म्हातारी घरी पावरी बोलते. पण म्हसावदच्या बाजारात आमचूर विकून विकून तिला आमची अहिराणी येते. मी म्हसावदचीच. साहेबांना दोन्ही येत नाहीत. म्हणून जिल्ह्यातली बोली जिल्ह्याच्या साहेबांना समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं.

"उशीर नही कया," ती म्हणाली. "दुखाले लागनं, तवयच झोळी बांधी. खाले दवाखानामा उनूत. डाक्टरीण बोलनी, रेफरला न्या."

"मग?"

"मंग आम्ही रेफर धुंडं. सापडनंच नही."

कोणीतरी फिसकन हसलं. मलाही क्षणभर कळलं नाही. मग कळलं. शहाद्याला न्या, नंदुरबारला न्या, रेफरला न्या. व्याकरण तिचं बरोबर होतं. रेफर हे गाव आहे, तिथे मोठा दवाखाना आहे, एवढंच तिने त्या वाक्यातून घेतलं. दुसरं काय घ्यायचं? रस्त्यावर जीपवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "रेफर? ह्या बाजूले नही, गुजरातकडे व्हई." सुनेला जीपमध्ये घालून ते गुजरातच्या दिशेने निघाले. नंदुरबारचा मोठा दवाखाना राहिला मागे. जीप अक्कलकुव्याच्या थोडी पुढे गेली आणि सून तिथेच गेली.

हे मी मराठीत सांगितलं, तेव्हा हसणारा खाली बघायला लागला. साहेब मात्र शेजारच्या कारकुनाला सांगू लागले, "कारण : नातेवाईकांचं अज्ञान व विलंब. उपाय : जनजागृती."

"साहेब," मी म्हटलं, "नंदुरबार हा शब्द मराठीतही आहे. तोच सांगितला असता तर?"

"ताई, ही दोष देण्याची जागा नाही."

"मग अज्ञान कोणाचं लिहिलंत?"

"ते आपण नाव न घेता लिहिलंय."

माझी पत्रकं या माणसापुढे कच्ची.

तेवढ्यात म्हातारी उठली. दारात धाकटी सून उभी होती, पोट पुढे आलेलं, पाय सुजलेले. तिच्याकडे हात करून म्हातारी म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या. इन्हा दिवस भरत उनात. इले कोठे लई जाऊ? गावनं नाव सांगा."

साहेबांचा चेहरा उजळला. "माहेरघर आहे ना आपलं!"

माहेरघर म्हणजे आरोग्य केंद्राच्या आवारातली खोली. डोंगरातल्या बाईने दिवस भरायच्या आधी येऊन तिथे राहायचं, म्हणजे ऐन वेळी झोळीची वरात नको. कल्पना चांगली आहे, मी कधीच नाकारलं नाही. त्याच दिवशी आम्ही तिघी एसटीने तिथे गेलो. माहेरला कुलूप.

शिपाई म्हणाला, "उघडीसन काय करशात? आतमा जागाच नही."

उघडल्यावर पटलं. जमिनीपासून छतापर्यंत पोस्टरचे गठ्ठे. पोस्टरवर गोरीपान हसरी बाई, आणि खाली ठळक अक्षरात : 'बाळंतपणासाठी वेळेत या!' वेळेत आलेल्या बाईला जागा नव्हती, कारण 'वेळेत या' तिच्याही आधी येऊन बसलं होतं.

सिस्टर धावत आल्या. "ताई, हा सरकारी माल आहे. असा हलवता येत नाही."

"याहा, काय करू या?" मी म्हातारीला विचारलं. पावरीत याहा म्हणजे आई.

तिने पदर खोचला. "हाई माहेर शे ना? मंग माहेरमा कोन इचारस?"

गठ्ठे आम्ही व्हरांड्यात काढले. शिपाईही हात लावायला आला. याहाने थोडी पोस्टरं जमिनीवर पालथी अंथरली आणि वर गोधडी टाकली. सरकारी जनजागृतीचा इतका थेट लाभ मी तरी पहिल्यांदाच पाहिला.

सून तिथे राहिली. मी जाऊन-येऊन होते. एका सकाळी तिचं डोकं भयंकर दुखायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. सिस्टरांनी रक्तदाब पाहिला, सुई टोचली, रुग्णवाहिका बोलावली आणि सवयीने म्हणाल्या, "रेफर करावं लागेल."

याहा रुग्णवाहिकेच्या दारात आडवी. "गावनं नाव."

"आजी, जिल्ह्याला."

"जिल्हा कोनतं गाव शे?"

"नंदुरबार! नंदुरबार, माझी माय!"

"तठे कोन उभं ऱ्हाई?"

हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं. सिस्टरांनी फोन लावला, पलीकडच्या सिस्टरला सगळं सांगितलं, तिचं नाव विचारून घेतलं आणि याहाला दोनदा म्हणून दाखवलं. तेव्हा कुठे ती दारातून सरली आणि सुनेचं डोकं मांडीवर घेऊन बसली. वाटभर ते नाव पुटपुटत होती, हरवू नये म्हणून.

सून वाचली. मुलगी झाली, तीही वाचली.

मोठ्या सुनेच्या कागदावर अजून 'नातेवाईकांचं अज्ञान व विलंब'च आहे. मी दर बैठकीत हरकत घेते, साहेब दर बैठकीत चहा मागवतात. सिस्टर मात्र आता आधी गावाचं नाव सांगतात, मग दवाखान्याचं, आणि मग वाटलं तर तो शब्द.

याहा म्हसावदच्या बाजारात भेटते. आमचुराच्या ढिगाशेजारी नात झोपलेली असते. मला बघितलं की लांबूनच ओरडते, "काय वं पोरी, तुन्हा साहेबले रेफर सापडनं का?"